मूल चार्टर शाळेत गेलं, गावाच्या पैशांचं काय? मॅसॅच्युसेट्समधल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसंत ऋतू आला की मॅसॅच्युसेट्समधल्या गावागावांत टाउन मीटिंग, म्हणजे गावच्या मतदारांची सभा, भरते. शाळेच्या बजेटवर चर्चा सुरू झाली की कुणीतरी उठून म्हणतं, "चार्टर शाळा आपले पैसे पळवतात." लगेच दुसरं कुणी म्हणतं, "पळवतात कसले, राज्य भरपाई देतं की!" दोघंही अर्धं बरोबर असतात. आपल्या मराठी पालकांच्या गटांत हे प्रश्न दर वर्षी, बहुधा चार्टर प्रवेशाच्या लॉटरीच्या निकालानंतर, नव्याने येतात. तेच इथे एकत्र केले आहेत.

चार्टर शाळा खासगी असते की सरकारी?

सरकारी. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. आधीच शिकत असलेल्या मुलांच्या भावंडांना आणि शाळेच्या ठरलेल्या परिसरात राहणाऱ्यांना प्राधान्य असतं. फरक कारभारात आहे. गावच्या शाळा निवडून आलेली स्कूल कमिटी चालवते, चार्टर शाळा स्वतःचं विश्वस्त मंडळ चालवतं. राज्याचं शिक्षण मंडळ तिला पाच वर्षांची सनद देतं आणि मुदत संपली की काम तपासून ती वाढवतं किंवा काढून घेतं.

आपल्या लोकांत सर्वांत जास्त नाव निघतं ते मार्लबरोच्या ॲडव्हान्स्ड मॅथ अँड सायन्स अकॅडमीचं. अर्ज भरण्याआधी आपलं गाव तिच्या प्राधान्याच्या यादीत आहे का, ते बघा. नसेल तर प्रतीक्षायादीवरचा आकडा बघून जीव टांगणीला लावू नका.

आणखी एक प्रकार आहे. होरेस मॅन चार्टर. ती डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळांच्या व्यवस्थेच्या, आतच असते आणि तिचे पैसे डिस्ट्रिक्टच्या बजेटमधूनच येतात. खाली जे काही सांगितलं आहे ते दुसऱ्या, म्हणजे स्वतंत्र 'कॉमनवेल्थ' चार्टर शाळांबद्दल आहे. भांडणं तिथलीच आहेत.

फी नाही, मग पैसे कोण देतं?

इथे थोडं मागे जावं लागेल. १९९३ च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकडफी खटल्यात सांगितलं की गाव गरीब असो की श्रीमंत, प्रत्येक मुलाला पुरेसं शिक्षण देणं ही राज्याची घटनात्मक जबाबदारी आहे. तीनच दिवसांत गव्हर्नर वेल्ड यांनी शिक्षण सुधारणा कायद्यावर सही केली. त्याच कायद्यातून दोन गोष्टी आल्या: 'चॅप्टर ७०' नावाची राज्याची शालेय मदत आणि चार्टर शाळा. पहिल्या चार्टर शाळा १९९५ मध्ये उघडल्या.

चॅप्टर ७० चं गणित असं. प्रत्येक डिस्ट्रिक्टचा पट १ ऑक्टोबरला मोजतात. (आपल्याकडे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पटपडताळणी झाली आणि कागदावरची मुलं कशी गायब झाली, ते आठवतं का? पट म्हणजे पैसा, हे दोन्हीकडे सारखंच.) त्या पटावरून किमान किती खर्च यायला हवा हे ठरतं, त्याला फाउंडेशन बजेट म्हणतात. गरीब घरची मुलं आणि इंग्रजी शिकणारी मुलं जास्त असतील तर आकडा वाढतो. मग गावातल्या घरांच्या किमती आणि लोकांचं उत्पन्न बघून गावाचा वाटा काढतात. उरलेलं राज्य देतं. राज्यभरात मिळून गावांनी ५९ टक्के आणि राज्याने ४१ टक्के उचलावं असं लक्ष्य आहे. कितीही श्रीमंत गाव असलं तरी त्याच्याकडून फाउंडेशन बजेटच्या ८२.५ टक्क्यांहून जास्त वाट्याची अपेक्षा सूत्र करत नाही.

आता चार्टर शाळेत गेलेलं मूलही गावच्या पटातच मोजलं जातं. म्हणजे त्याच्या नावाने गावाला मदत मिळते, आणि मग त्याच्या नावाने ट्यूशन, म्हणजे चार्टर शाळेला द्यायची रक्कम, कापली जाते. हे 'आधी देणं, मग कापणं' कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

चेरी शीट म्हणजे काय?

राज्य दर वर्षी प्रत्येक गावाला एक तक्ता पाठवतं: एका बाजूला राज्याकडून येणारं, दुसऱ्या बाजूला राज्य कापून घेणारं. पूर्वी तो चेरीच्या रंगाच्या कागदावर छापत, म्हणून चेरी शीट. आता तो संगणकावर पांढराच दिसतो, नाव राहिलं. चार्टरचे तिथे दोन आकडे असतात. कपातीच्या बाजूला चार्टरची ट्यूशन, जमेच्या बाजूला चार्टरची भरपाई. गाव चार्टर शाळेला चेक लिहीत नाही. राज्य गावाच्या मदतीतून रक्कम वळती करून चार्टर शाळेला तिमाही हप्त्यांनी देतं.

टाउन मीटिंगमध्ये विरोधक फक्त पहिला आकडा वाचतात आणि समर्थक फक्त दुसरा. तुम्ही वजाबाकी करा.

एका मुलामागे किती जातात?

एकच दर नाही. ज्या गावाचं मूल, त्या गावाच्या खर्चावर दर ठरतो. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांमागे वेगवेगळी रक्कम येऊ शकते. तिचे तीन तुकडे आहेत. एक, त्या मुलाचा फाउंडेशन दर. दोन, गाव किमानपेक्षा जितकं जास्त खर्च करतं त्याच प्रमाणातली वाढीव रक्कम. तीन, इमारतीसाठीचा भाग. हा तिसरा भाग बरीच वर्षं मुलामागे ८९३ डॉलर होता. २०१९ च्या कायद्यानंतर तो वाढत गेला. तो राज्य गावाला पूर्ण परत करतं, त्यामुळे गावाच्या खिशाला त्याची झळ लागत नाही.

मूल गेलं तर त्याचा खर्चही गेला. मग भरपाई कशाला हवी?

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा तुमच्या गावातून यंदा दहा मुलं चार्टरला गेली. ती दहा मुलं एका वर्गातून गेली असती तर निदान अर्धी तुकडी कमी झाली असती. पण तसं होत नाही. दोन पाचवीतली, तीन सहावीतली, एक नववीतलं, बाकीचीही अशीच विखुरलेली, आणि तीही तीन वेगवेगळ्या इमारतींमधली. तेवीस मुलांचा वर्ग बावीसचा होतो. शिक्षिका तीच, बॉयलर तोच, बसचा मार्ग तोच, नर्स तीच, मुख्याध्यापकांचा पगार तोच. दहा मुलांचे पैसे गेले, खर्च मात्र वह्या-पुस्तकांपुरताच कमी झाला.

ज्यांचे आईवडील महाराष्ट्रात अनुदानित शाळेत शिक्षक होते त्यांना हे समजावून सांगायला नको. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) पद जातं, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात, समायोजनाच्या याद्या लागतात. पण चाळीसाचे अडतीस झाले म्हणून कुणी शाळेचं छप्पर लहान करत नाही. पट हळूहळू, एकेका मुलाने घटतो. खर्च मात्र एकदम, पूर्ण तुकडी बंद करता आली तरच घटतो. मधल्या काळात भार कुणीतरी उचलायला हवा. भरपाई आहे ती त्या मधल्या काळापुरती.

त्यात भर म्हणजे १९८० साली मतदारांनीच मंजूर केलेली अडीच टक्क्यांची मर्यादा. नव्या बांधकामाचा कर वगळता गाव प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवू शकत नाही, त्यासाठी वेगळं मतदान घ्यावं लागतं. म्हणजे खड्डा पडला तर तो कर वाढवून भरायचा रस्ताही अरुंद.

भरपाई किती आणि किती वर्षं?

सध्याचं सूत्र १००-६०-४० असं बोललं जातं. इथे बहुतेकांची चूक होते: हे टक्के संपूर्ण ट्यूशनचे नसतात, आदल्या वर्षीच्या तुलनेत ट्यूशन जितकी वाढली त्या वाढीचे असतात.

गणितासाठी सोपे आकडे घेऊ. दहा मुलं नव्याने गेली आणि इमारतीचा भाग सोडून मुलामागे २०,००० डॉलर धरले. कपात २ लाखांनी वाढली. पहिल्या वर्षी राज्य २ लाख परत देतं, गावाचं निव्वळ नुकसान शून्य. दुसऱ्या वर्षी तीच मुलं तिथेच आहेत, कपात तेवढीच, पण परत मिळतात १ लाख २० हजार. तिसऱ्या वर्षी ८० हजार. चौथ्या वर्षी काही नाही. मुलं मात्र बारावीपर्यंत तिथेच शिकणार असतात.

म्हणून "राज्य भरपाई देतं" हे पहिल्या वर्षी शंभर टक्के खरं आणि चौथ्या वर्षी शंभर टक्के खोटं. कुठल्या वर्षाबद्दल बोलताय, हे आधी विचारायचं.

या सूत्राने गंमतशीर प्रवास केला आहे. पूर्वीही ते १००-६०-४० च होतं. २०१० च्या कायद्याने ते पहिल्या वर्षी १०० टक्के आणि पुढची पाच वर्षं २५-२५ टक्के असं केलं. बेरीज केली तर हे जास्त उदार: २२५ टक्के, आताच्या २०० च्या तुलनेत. मग २०१९ च्या स्टुडंट अपॉर्च्युनिटी कायद्याने पुन्हा जुन्याच सूत्राकडे का नेलं?

का नेलं?

कारण कागदावरचे २२५ हातात येतच नव्हते. भरपाई दर वर्षीच्या राज्याच्या बजेटमध्ये मंजूर व्हावी लागते. २०१० च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षं विधिमंडळाने सूत्राप्रमाणे येणारी रक्कम पूर्ण ठेवलीच नाही. कपात मात्र पूर्ण व्हायची, तिला कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. गावांचा खरा राग इथे होता, आणि माझ्या मते तो रास्त होता. वजा बाजू आपोआप चालते, जमा बाजू मर्जीवर. नोकरदार माणसाला हे लगेच समजेल: टीडीएस दर महिन्याला न चुकता, रिफंड मात्र 'प्रक्रियेत'.

२०१९ च्या कायद्याने सूत्र लहान केलं, पण पैसे टप्प्याटप्प्याने पूर्ण देण्याचं वेळापत्रक कायद्यातच घातलं: पहिल्या वर्षी हक्काच्या रकमेच्या ७५ टक्के, मग ९०, मग १००. थोडक्यात, मोठ्या आश्वासनाच्या जागी लहान पण हातात पडणारी रक्कम.

आमच्या सबर्बला राज्याकडून थोडीच मदत मिळते. मग कपात एवढी मोठी कशी?

मदत ठरते गावाच्या ऐपतीवर आणि चार्टर ट्यूशन ठरते मुलावरच्या खर्चावर. दोन वेगळ्या पट्ट्या. ज्या श्रीमंत गावाला राज्य फाउंडेशन बजेटच्या जेमतेम १७.५ टक्के देतं, त्याच्याकडूनही चार्टरला गेलेल्या मुलामागे पूर्ण रक्कम कापली जाते. उरलेली तफावत गावाच्या स्वतःच्या करातून जाते.

शिवाय कुठल्याही गावाची मदत आदल्या वर्षापेक्षा खाली जाऊ द्यायची नाही असा राज्याचा रिवाज आहे. त्यामुळे पट घटलेली बरीच गावं सूत्राच्या वर तरंगत असतात आणि त्यांना फक्त 'किमान वाढ' मिळते. २०२५ च्या आर्थिक वर्षात ती मुलामागे १०४ डॉलर होती. अशा गावातून एक मूल चार्टरला गेलं की जाणारी रक्कम हजारांत. शंभर मुलांवर मिळालेली वाढ जेमतेम अर्ध्या चार्टर जागेला पुरते. असंच दुसऱ्या टोकाला बॉस्टनचं: तिथे चार्टरची कपात शहराला मिळणाऱ्या चॅप्टर ७० च्या मदतीपेक्षाही मोठी झाली आहे.

मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गावाचा कर भरणारं कुटुंब चार्टरमध्ये मूल घालतं म्हणून ते गावाचं राहत नाही असं थोडंच आहे? त्याच्या मुलावर खर्च होणारा पैसा हा त्याच गावाच्या मुलावरचाच खर्च आहे. चार्टर समर्थकांचा हा मुद्दा मला पटतो. न पटणारी गोष्ट एवढीच, की खर्च तत्काळ कमी होतो असं ते गृहीत धरतात.

कितीही मुलं जाऊ शकतात का?

नाही. एखाद्या डिस्ट्रिक्टमधून चार्टरकडे जाणारी ट्यूशन तिच्या एकूण शालेय खर्चाच्या ९ टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते. निकालांत राज्यातल्या सर्वांत तळाच्या १० टक्क्यांत असलेल्या डिस्ट्रिक्टसाठी ही मर्यादा १८ टक्के आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये दर वर्षी आणखी १२ शाळांना किंवा विस्ताराला परवानगी द्यायची का, असा 'प्रश्न २' मतपत्रिकेवर होता. साधारण ६२ विरुद्ध ३८ टक्क्यांनी तो पडला. शहरांतल्या प्रतीक्षायाद्या लांबलचक असताना हे घडलं, आणि माझा अंदाज असा की सबर्बमधल्या मतदारांनी शाळेच्या दर्जापेक्षा चेरी शीटकडे बघून मत दिलं.

मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल तर खर्च कोण करतं?

चार्टर शाळा सरकारी असल्यामुळे आयईपीतल्या, म्हणजे त्या मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेतल्या, सेवा तिला द्याव्याच लागतात. पण मुलाला बाहेरच्या खास शाळेत ठेवायची वेळ आली तर ती जबाबदारी पुन्हा गावच्या डिस्ट्रिक्टकडे येते. अशा महागड्या खर्चासाठी राज्याची 'सर्किट ब्रेकर' नावाची वेगळी भरपाई आहे: राज्याच्या सरासरी फाउंडेशन दराच्या चौपटीहून वर गेलेल्या खर्चाच्या ७५ टक्के. चौपटीपर्यंतचं सगळं गावाकडे.

स्कूल चॉइसने शेजारच्या गावात मूल घातलं तर ५,००० डॉलरच जातात म्हणे. मग चार्टरला एवढे का?

बरोबर ऐकलं. एका गावाचं मूल दुसऱ्या गावच्या शाळेत गेलं तर विशेष शिक्षणाचा खर्च वगळून ट्यूशनवर ५,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे. १९९० च्या दशकापासून ती जागची हललेली नाही. तिथे हिशेब असा, की घेणाऱ्या शाळेत एक बाक रिकामाच होता, तो भरला. चार्टर शाळेला बाक, भिंती, शिक्षक सगळं त्याच पैशांतून उभं करायचं असतं. इमारतीसाठी गावांना स्कूल बिल्डिंग ऑथॉरिटीकडून अनुदान मिळतं, स्वतंत्र चार्टर शाळांना ते मिळत नाही. तरीही एकीकडे पाच हजार आणि दुसरीकडे त्याच्या कैक पट ही तफावत मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेली नाही.

आमचं मूल आतापर्यंत खासगी शाळेत होतं. ते चार्टरला गेलं तर गावाचं काय जातं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण चांगला आहे. ते मूल गावच्या पटात नव्हतंच, म्हणून त्याच्यासाठी मदत आलेली नव्हती. कपात मात्र लगेच सुरू. पहिल्या वर्षाची शंभर टक्के भरपाई अशा वेळी खरी उपयोगी पडते. पुढच्या मोजणीपासून ते पटात येतं. गाव किमान वाढीवर जगणारं असेल तर त्याने मदत फारशी वाढत नाही, हे वर आलंच.

ही भरपाई आपल्याकडच्या आरटीई प्रतिपूर्तीसारखीच का?

शब्द एक, दिशा उलटी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळेने २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि सरकारने त्या शाळेला प्रतिपूर्ती द्यायची. म्हणजे मूल *घेणाऱ्या* शाळेला पैसे. मॅसॅच्युसेट्समध्ये भरपाई मूल *गमावणाऱ्या* डिस्ट्रिक्टला मिळते.

साम्य आहे ते उशिरात. महाराष्ट्रात प्रतिपूर्तीचा दर वर्षाला मुलामागे १७,६७० रुपये असा ठरला, करोनाच्या काळात तो ८,००० वर आणला, आणि थकबाकीची ओरड संस्थाचालक सतत करत राहिले. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती अधिसूचना रद्द केली. प्रतिपूर्ती वेळेवर न देणारं सरकार शेवटी जागाच कमी करायला निघतं, असा माझा त्यावरून निष्कर्ष.

आम्ही दुसऱ्या राज्यात राहतो. तिथेही असंच का?

नाही, आणि मॅसॅच्युसेट्सची पोस्ट न्यू जर्सीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे विशेष वाचावं. न्यू जर्सीत कायद्याने डिस्ट्रिक्ट मुलामागच्या ठरावीक रकमेच्या ९० टक्के चार्टरला देतं. पेनसिल्व्हेनियात डिस्ट्रिक्ट थेट बिल भरतं. तिथे राज्य काही भाग परत देत असे, पण २०११ च्या बजेटमध्ये ते कलम पुसून टाकलं. २०२४ मध्ये ऑनलाइन चार्टर शाळांच्या खर्चापोटी डिस्ट्रिक्टना १० कोटी डॉलर पुन्हा मिळाले.

कॅलिफोर्नियात तर पटाऐवजी रोजच्या सरासरी हजेरीवर पैसे मिळतात, चार्टर असो वा डिस्ट्रिक्ट. डिसेंबरात पुण्याला लग्नासाठी तीन आठवडे मुलाला घेऊन गेलात तर शाळेचं तेवढं उत्पन्न बुडतं. म्हणूनच ऑफिसातल्या बाई 'इंडिपेंडंट स्टडी'च्या कागदावर सही करा म्हणून मागे लागतात. सही करा, अभ्यास पूर्ण केला तर ते दिवस हजेरीत धरता येतात.

टाउन मीटिंगमध्ये चार्टरचा विषय निघाला तर नेमकं काय विचारायचं?

तीन आकडे मागा: यंदाची चार्टर कपात, यंदाची भरपाई, आणि गेल्या तीन वर्षांत नव्याने गेलेली मुलं. मुलांची संख्या स्थिर असेल तर भरपाई आटत जाणार, हे पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये आधीच दिसायला हवं. राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि बजेट पुष्कळदा त्यानंतरही लांबतं, त्यामुळे वसंतातला आकडा हा अंदाज असतो. तो गव्हर्नरच्या प्रस्तावातला आहे, हाउसचा की सेनेटचा, हेही विचारा. आमच्या गावात एकदा गव्हर्नरचा आकडा धरून दोन शिक्षकांची पदं वाचवली आणि शरद ऋतूत नवा तक्ता आल्यावर त्यांतलं एक पद पुन्हा गेलं.